दाराजवळची खाट

प्रिय ताई,

पत्र मुद्दाम तुझ्या सासरच्या पत्त्यावर टाकलंय. एकटी असशील तेव्हाच वाच. फोनवर सांगितलं असतं, तर तू चप्पल न घालता आईकडे पळाली असतीस, आणि आईच्या कानावर यातलं अर्धं जरी गेलं तरी तिचं जेवण सुटेल. मी आजारी नाही, कुणाशी भांडलेलो नाही, नोकरीही अजून आहे. पण घाबरलोय, ताई. लहानपणी विहिरीत डोकावताना तुझा फ्रॉक घट्ट धरायचो ना, तसा कुणाचा तरी फ्रॉक धरावासा वाटतोय.

काम तुला माहीतच आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, गरम रुळातून काढायच्या, घड्या घालायच्या. चादर मोठी, म्हणून घडीला दोन माणसं लागतात. माझ्यासमोर काका असतात. आपल्याकडचेच, पण इथे येऊन इतकी वर्षं झालीत की आता स्वप्नंसुद्धा इथल्या भाषेत पडतात म्हणतात. दोघांनी एकदम झटका द्यायचा, टोकं जुळवायची, पुढे यायचं, मागे जायचं. आधी माझी टोकं कधी जुळायची नाहीत. काका म्हणायचे, अरे भिंगरी, चादर धरलीयेस की पतंग? तू ठेवलेलं नाव इथेही माझ्या आधी येऊन बसलंय बघ. आता मात्र मी बरा झालोय. एका कामावर मी इतके दिवस टिकलो, हे आबांना कुणी सांगितलं तर ते हसतील.

आबा हसतीलच असं नाही म्हणा. त्यांचं मी काय सांगू.

तर झालं असं, की मध्ये पगारातून एकदम मोठी कपात झाली. मला वाटलं हिशेबनीस चुकला. फोरमनकडे गेलो. माणूस वाईट नाही, पण समजावून सांगताना तो आपल्याला बहिरं समजतो. त्याने मला दोन ढकलगाड्यांपाशी नेलं. ही दवाखान्याची, ही हॉटेलची, बरोबर? एकीतली चादर दुसरीत टाकलीस तर काय होईल? म्हटलं, तुम्ही ओरडाल. तर म्हणाला, कर खात्याचंही तसंच आहे. बाहेरून आलेल्या माणसाच्या दोन गाड्या. एक इथे राहायला आलेल्याची, एक पाहुण्याची. राहायला आलेल्याला इथल्या माणसासारखाच कर, सूटही तीच. पाहुण्याला सूट नाही, पहिल्या पैशापासून सरळ कापायचं. तू पाहुण्याच्या गाडीत पडलायस, आणि तेही तुझ्याच तोंडाने.

माझ्या तोंडाने म्हणजे काय, ते मला तेव्हा आठवलं.

नवीन असताना कर खात्याने बोलावलं होतं. चष्मेवाल्या एक बाई होत्या, शेजारी आपली भाषा बोलणारा एक माणूस. अर्ध्या वर्षाहून जास्त राहणार का? म्हटलं, हो. झोपायला खोली आहे का? म्हटलं, आहे, चौघांत एक. मग विचारलं, मायदेशात तुझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे का, कधीही जाऊन राहशील अशी? ताई, बाई नुसतं नियमातलं विचारत होत्या, पण मला ते झोंबलं. मी ताठ बसलो आणि सांगत सुटलो. आहे म्हटलं, चांगली जागा आहे. दाराजवळ माझी खाट आहे. खाली माझी पेटी आहे, तिला कुणी हात लावत नाही. आई माझी गादी उन्हात टाकते. मी आज गेलो तर आज रात्री माझ्याच उशीवर झोपेन. शेजारचा माणूस भराभर सांगत होता आणि बाई भराभर टाइप करत होत्या. मी खूश होऊन बाहेर आलो, जशी काही परीक्षाच दिली.

काकांना सांगितलं तर हातातली चादर सोडून हसले. म्हणाले, अरे शहाण्या, बाईंसमोर घराची शोभा वाढवायला गेलास आणि स्वतःचा पगार छाटून आलास. आपल्या पोरांचं हे ठरलेलं, घराचा विषय निघाला की छाती पुढे. मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हसायचे थांबले.

कारण गोष्ट पगारावर थांबलेली नाही. परवा पुन्हा बोलावणं आलं. गेलो तर बाई तशाच शांत. म्हणाल्या, इतका काळ इथे राहतोस, काम इथेच, करारही वाढवून मागतोस, आणि घर तिकडे सांगतोस. दोन्हींतलं एक नक्की कर. आधीचं बोलणं बदलायचं असेल, तर घरच्या कर्त्या माणसाचा सहीचा कागद आण. आणि हे मिटेपर्यंत कंपनीला करार वाढवता येणार नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शांत माणसाची मला फार भीती वाटते. तेव्हापासून जिन्यात बूट वाजले की उठून दाराची कडी बघतो. काल माझी टोकं पुन्हा जुळेनात. काकांनी माझ्या बाजूला येऊन टोकं जुळवून दिली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. कागदात फार काही नको. मुलगा आता आमच्याकडे राहत नाही, त्याच्यासाठी घरात वेगळी जागा ठेवलेली नाही. एवढंच, आणि खाली आबांची सही. मी निघालो तेव्हा तू दारातच होतीस, तुला सगळं ऐकू आलं होतं. बाहेर पाय टाकलास तर या घरात तुझी जागा नाही, असं आबा बोलले होते. त्यानंतर मी फोन केला की ते न बोलता आईकडे देतात. म्हणजे बाईंना हवंय तेच आबा कधीचं बोलून बसलेत, आता ते लिहून मागायचंय. ते नाही म्हणाले तर माझं इथलं संपलं, आणि परत कुठल्या तोंडाने यायचं ते कळत नाही. पण ताई, त्याची मला इतकी भीती नाही. ते लगेच हो म्हणतील, याची आहे. तू कागद पुढे कर, कशासाठी ते आधी सांगू नकोस. आणि ते सही करताना त्यांच्याकडे नीट बघ. हात जरा जरी थांबला, तरी कागदासोबत मला तेवढं लिहून पाठव. नाही थांबला, तर नुसता कागद पाठव, मी समजेन.

तुझाच,
भिंगरी