शहामृगासारखं काहीतरी

रात्सेबुर्गजवळून,
९ मे २०२५

ती. सौ. चारुताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही पाकीट फोडतानाच म्हणाल. या घराच्या भिंती पातळ आहेत आणि आप्पांचे कान तिखट. जे लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच आहे.

आधी खुशाली. डार्मश्टाट सोडून इथे आलो त्याला दोन महिने होत आले. निहारला ल्युबेकची नोकरी मानवली आहे, अन्वीला शाळा अजून मानवलेली नाही, आणि माझं होम ऑफिस काय, टेबल मांडीन तिथे चालतं. गाव एवढंसं आहे. एक रस्ता, एक तळं आणि चहूकडे राप्सची शेतं. आपल्याकडे मोहरी फुलते तसंच पिवळं, पण छातीएवढं उंच आणि नजर पोचेल तिथवर. सकाळी तळ्यावरून धुकं येतं आणि त्या पिवळ्यावर पसरून राहतं. तेव्हा खिडकीत उभं राहिलं की आपण जागे झालो आहोत की नाही, हे कळायला थोडा वेळ लागतो.

आप्पा रोज सकाळी त्या शेताकडे फिरायला जातात. मिरजेहून आले तेव्हा अगदी गप्प असायचे. आई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, सवयच मोडली असावी. इथे हळूहळू खुलले. म्हणून गेल्या आठवड्यात ते फिरून आले आणि बूट न काढताच काहीतरी सांगू लागले, तेव्हा मी लॅपटॉप मिटून ऐकायला बसले. ते म्हणाले, शेतात शहामृग आहे. एक नाही, तीन.

मी हसले नाही. निदान हसले नाही असं मला वाटतं. चेहऱ्यावर काय उमटलं असेल, देव जाणे. अन्वी मात्र खो खो हसली आणि जर्मनमध्ये म्हणाली की ओपांनी, म्हणजे आजोबांनी, बगळा पाहिला असणार. आप्पांना जर्मन येत नाही, पण हसणं कळतं. त्यांनी हात स्वतःच्या खांद्यापाशी धरून पक्ष्याची उंची दाखवली आणि चहा मागितला. दोन दिवसांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी हळू आवाजात आणि फक्त मला.

शेजारच्या फ्राऊ ल्युडर्सना विचारावं म्हणून मी कुंपणापाशी गेले. जर्मनमध्ये शहामृगाला श्ट्राउस म्हणतात आणि फुलांच्या गुच्छालाही श्ट्राउसच. त्यांना वाटलं, मला फुलं हवी आहेत. मी पक्षी, पक्षी म्हणेपर्यंत त्यांनी लायलॅकच्या चार फांद्या कापल्याही. मग शांतपणे सांगितलं की नाही हो, श्ट्राउस आमच्याकडे नाहीत, ते आफ्रिकेत असतात. मी गुच्छ घेऊन घरी आले.

ताई, आप्पांचं डोकं शाबूत असेल तर परत मिरजेच्या घरी, नाहीतर पुण्याजवळचं ते ज्येष्ठांचं निवासस्थान, असं तुम्ही निहारला म्हणाला होतात. म्हणून हे लपवणं बरं नाही असं वाटलं. पण कळवणं ही काळजी की चहाडी, यावर मी डायरीची कितीतरी पानं भरली आणि उत्तर मिळालं नाही, म्हणून शेवटी पत्रच लिहिलं.

राग आलाच तर माझ्यावर यावा, त्यांच्यावर नको. माया आहे तिथेच असू द्यावी.

तुमची,
ऊर्मिला


स्टुटगार्ट,
१३ मे २०२५

चि. सौ. ऊर्मिलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र एस-बानमध्ये उभ्यानं वाचलं आणि एक स्टेशन पुढे गेले. आल्झो, म्हणजे थोडक्यात, तुझ्या शहामृगापायी मला अख्खी टेकडी चढून घरी यावं लागलं. काळजी की चहाडी, ते तू डायरीत सोडव. दोन्ही असलं तरी मला चालेल, तू कळवलंस हे महत्त्वाचं.

आता हसणं पुरे. आमचे आप्पा जन्मभर हवामान खात्यात होते. लहानपणी गच्चीवर निजून आम्ही ढगात हत्ती दाखवायचो, तर ते म्हणायचे, तो क्युम्युलस आहे. निहारनं एकदा हट्टानं सोंड कुठे, शेपूट कुठे ते बोटानं दाखवलं, तरी म्हणाले की हो, सोंडेसारखा भाग असलेला क्युम्युलस आहे. असल्या माणसाला शेतात शहामृग दिसायला लागले, म्हणजे काहीतरी सुटलंय. गेल्या रविवारी फोनवर त्यांनी मला दोनदा विचारलं की हल्ली तू कुठल्या गावी असतेस. आणि एप्रिलमध्ये ल्युबेकच्या स्टेशनवर ते हरवले होते, ते तू मला सांगितलं नाहीस, निहारनं सांगितलं. तू पाठीशी घालतेस. चांगली सून असंच करते, पण मी मुलगी आहे, मला तसं करून चालणार नाही.

तुला मी कठोर वाटत असेन. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी होते. ट्रे कुठे ठेवायचा ते मला सुचेना. पण आईच्या उशाशी निदान आप्पा होते. आप्पांच्या उशाशी कोण असणार आहे, सांग. मिरजेच्या त्या ब्लॉकमध्ये दूधवाला बेल वाजवील, दार उघडलं नाही की परत जाईल. दुसऱ्या दिवशीही वाजवील. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तू एक कर. एका सकाळी त्यांच्याबरोबर जा. उलटं बोलू नकोस, खोडून काढू नकोस, फक्त बघ ते कसे वागतात, आणि जसंच्या तसं लिही, तुझ्या भिडेची साखर न घालता. महिनाअखेर मी पुण्याला होकार कळवते आहे. हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस.

अन्वीला पापा. तिच्या मराठीला माझा नमस्कार, दिसली कुठे तर. लोभ कमी होणार नाही, वाढवायचा की काय ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझी,
चारुताई


रात्सेबुर्गजवळून,
१९ मे २०२५

ती. सौ. चारुताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तशी गेले. जसंच्या तसं लिहिते, पण ते इतकं अजब आहे की लिहितानाच मला माझाच भरवसा वाटेनासा होतो.

काल रविवार. मी येते म्हटल्यावर आप्पा जरा थबकले आणि म्हणाले, आज काही दिसणार नाही, तू उगाच थंडीत कशाला. मला वाटलं, यांना माझा हेतू कळला. तरी गेले. धुकं इतकं दाट होतं की आमच्याच पावलांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. राप्स आता ओसरतो आहे, वाटेवर पाकळ्यांचा सडा. कुठेतरी कोकीळ बोलत होता, इथला, तो खरंच दोनच सूर म्हणतो. आप्पा माझ्यापुढे काठी न टेकता चालत होते. माझ्या मनात आलं की आपण तीन माणसं चाललो आहोत, आप्पा, मी, आणि तुमच्यासाठी त्यांच्यावर नजर ठेवणारी आणखी एक मी.

मग शेतातून मान वर आली.

पाण्याखालून कुणी हात वर करावा, तशी. राखाडी, लांब, अगदी सावकाश. तिच्या टोकाला छोटंसं डोकं आणि चोचीला पिवळ्या पाकळ्या चिकटलेल्या. मग पिवळं बाजूला सरलं आणि तो पक्षी अख्खा वाटेवर आला, माझ्या खांद्याइतका उंच. मागून आणखी दोन. आम्ही उभेच होतो. तो माझ्या इतक्या जवळून गेला की हात लांबवला असता तर पिसांना लागला असता. डोळ्याला चक्क पापण्यांचे केस होते. त्यानं मला पाहिलं, आणि मी काही विशेष नाही असं ठरवून पुढे पाऊल टाकलं. एवढं मोठं जनावर, पण आवाज नाही. धुक्यात तिघं तीन सावल्या झाले, मग दोन, मग नुसतं धुकं.

खरं सांगू का, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. आता मलाही डॉक्टरकडे न्यावं लागणार, हे पहिल्यांदा मनात आलं. विचारावं म्हणून मी आप्पांकडे वळले, तर ते पक्ष्यांकडे पाहतच नव्हते. माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी मला विचारलं की तुलाही दिसलं ना. मी हो म्हटलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि नाक पुसलं.

परतताना फ्राऊ ल्युडर्स कुत्र्याला घेऊन आल्या. मी हातवारे करून वर्णन केलं, तर म्हणाल्या, आख सो, अच्छा, नांदू! तसं विचारायचं ना! इथे खूप आहेत, शेतकरी वैतागलेत. दक्षिण अमेरिकेचा पक्षी. पंचवीसेक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पाळीव कळपातले काही सुटले आणि इथलेच होऊन गेले. मी म्हटलं, अहो, तुम्हीच नाही म्हणालात. त्या म्हणाल्या, तुम्ही श्ट्राउस विचारलेत, श्ट्राउस नाहीतच. गेनाऊ, अगदी बरोबर! त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग त्यांनी हौसेनं सांगितलं की यांच्यात नर अंडी उबवतो आणि पिलांना एकटा वाढवतो. मी ते आप्पांना मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, आणि मादी? मी विचारून सांगितलं की ती पुढे निघून जाते. त्यांनी शेताकडे एकदा वळून पाहिलं.

घराच्या फाटकाशी थांबले. म्हणाले, मी शहामृग म्हटलंच नव्हतं, शहामृगासारखं काहीतरी म्हटलं होतं. ताई, ते खरं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी तसंच म्हटलं होतं. "सारखं" मी गाळलं. फ्राऊ ल्युडर्सना सांगताना गाळलं, तुम्हाला लिहिताना गाळलं. मी, जी स्वल्पविरामासाठी पान पुन्हा लिहिते! ऐकतानाच मी ठरवून टाकलं होतं की काय, हा प्रश्न कालपासून मला बसू देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पक्षी खरा निघाला म्हणून माणूस एकटा राहू शकतो असं होत नाही. बरोबर आहे. स्टेशनवर ते हरवले, तेही खरं आहे. मला यातून निकाल काढता येत नाही. पण एक लक्षात आलं की आपण दोघींनी एवढं लिहिलं आणि त्यांना कुणी काही विचारलंच नाही. म्हणून मी तुमची आज्ञा मोडते आहे. माझं पहिलं पत्र फोनमध्ये फोटो काढून ठेवलं होतं, ते, तुमचं, आणि हे, तिन्ही आज त्यांच्या हातात देते. ते वाचून काही लिहितील तर याच पाकिटात घालीन.

तुम्ही माझ्यावर रुसलात तर मी समजून घेईन, पण फार दिवस रुसू नये.

तुमची,
ऊर्मिला


१९ मे, दुपार

चि. सौ. चारू व चि. सौ. ऊर्मिला यांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघी माझ्याविषयी एकमेकींना लिहिता, त्यात एखादं पत्र मलाही टाकायचं होतंत. मी याच घरात असतो.

चारू, तुझं अक्षर अजून तसंच आहे, त्यामुळे निम्मं पत्र मला चष्मा बदलून वाचावं लागलं. ऊर्मिला, तू स्वतःला फार टोचून घेतेस. "सारखं" हा शब्द माझ्याच तोंडात पुटपुटल्यासारखा आला असेल. दात नवे आहेत.

जे खरं आहे ते कबूल करतो. नावं विसरतो. स्टेशनवर हरवलो होतो, आणि घाबरलोही होतो, ते निहारला सांगितलं नाही. चारू स्टुटगार्टला असते हे मला ठाऊक आहे. फोनवर दुसऱ्यांदा विचारलं, कारण ती फोन ठेवायच्या घाईत होती आणि मला आणखी काही सुचेना. माझ्या उशाशी कोण असेल, असं तिनं विचारलं आहे. कुणी नसेल. चारू, तुझ्या डोळ्यांपुढचा दूधवाला माझ्याही डोळ्यांपुढे येतो, बाळ. तरी मला तिथेच राहायचं आहे. माझ्या खिडकीतून येणारा उजेड दिवसाच्या कुठल्या वेळी कुठे पोचतो, हे मला डोळे मिटून ठाऊक आहे. नव्या ठिकाणी ते शिकायला आता वेळ नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती मी ऊर्मिलालाही सांगितलेली नाही. या शेतात पक्षी दिसले त्याच्या आधीपासून मला तुझी आई दिसते. धुकं असलं की पलीकडच्या बांधावर उभी असते. मंडईत मी रेंगाळलो की पुढे जाऊन, पिशवी या हातातून त्या हातात घेत थांबायची, तशी. ती जवळ येत नाही, मीही जात नाही. ऊन आलं की नसते. हे घरी येऊन मी कुणाला सांगितलं नाही, कारण ती तिथे नाही, हे मला माहीत आहे. पक्षी होते, म्हणून ते सांगितले.

एवढा फरक मला अजून कळतो. ज्या सकाळी मी धावतपळत घरी येईन आणि ऊर्मिलाला म्हणेन की चल लवकर, तुझ्या सासूबाई आल्यात, बांधावर उभ्या आहेत, त्या दिवशी चारू म्हणेल तिथे मला ठेवा. मी हूं की चूं करणार नाही. बॅगही माझी मीच भरीन, भरता आली तर.

तोवर मिरज.

अक्षर लागलं नाही, तर काय लिहिलं आहे ते मला विचारा, एकमेकींना नको.

तुमचा,
आप्पा