पिनीवरचा नंबर

अण्णा,

आज ऑडिटर येऊन गेले. केडगावच्या आपल्या शेडमध्ये त्यांनी ट्रॉलीच्या पिनी पाहिल्या, वह्या चाळल्या, चहा घेतला आणि सगळं ठीक आहे म्हणाले. ते गेल्यावर मला साखर कारखान्याच्या यार्डातले ते दोन दिवस आठवले.

कोल्हारच्या पुलाच्या चढावर उसाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली होती, कारण आपली पिन तुटली होती. माणसं वाचली. पिनीला पाणी देताना, म्हणजे भट्टीत तापवून कडक करताना, काहीतरी चुकलं होतं, पण कोणत्या दिवशी, हे सांगायला आपल्याकडे काहीच नव्हतं. तुम्ही पोतंभर नव्या पिनी मोटारसायकलला बांधल्या आणि मला मागे बसवलं. यार्डात ट्रॉल्यांची लांब रांग आहे. तुम्ही वाकून वाकून आपली प्रत्येक पिन काढता, नवी घालता. मी जुन्या पिनी पोत्यात भरते. कुणी विचारलं की तुम्ही एवढंच म्हणता, "पिन माझी हाय, चूक बी माझीच." तरी ट्रॉल्या बनवणारं आपलं मोठं गिऱ्हाईक पुढच्या हंगामात तुटलं. त्यांना गुणवत्तेचं सर्टिफिकेट हवं होतं.

माझा डिप्लोमा तेव्हा नुकताच झाला होता. प्रत्येक बॅचला नंबर टाकू, मोजलेलं वहीत लिहू, असं मी सांगत राहिले. तुम्ही लेथ बंद करून म्हणालात, "जे माझ्या हाताला कळत न्हाई, ते वहीला कुठून कळंल?" मी चार दिवस शेडवर आले नाही. तुम्ही शेवटपर्यंत प्रत्येक पिन मोजलीत, लिहिली मात्र एकही नाही.

तुमच्यानंतर मी नंबर ठोकायला लावले. सर्टिफिकेट आलं, तेच गिऱ्हाईक परत आलं, दोन लेथचे सात झाले. गेल्या हंगामात एक पिन वाकली. नंबर पाहून वही उघडली, तर त्या दिवशी भट्टी पुरेशी तापलीच नव्हती. दुपारपर्यंत त्या बॅचच्या सगळ्या पिनी कुठे गेल्या ते कळलं आणि त्या परत मागवल्या. गिऱ्हाइकाने उलट ऑर्डर वाढवली. तुम्हाला दोन दिवस वाकायला लावणारं काम एका दुपारी उरकलं. फक्त 'चूक माझी' असं कुणाच्या तोंडावर म्हणावं लागलं नाही. मेल पाठवला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. सर्टिफिकेटच्या पहिल्या ऑडिटला मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी हव्या होत्या. त्यातले चार महिने तुम्ही होतात. तुम्ही मोजलं होतं हे मला ठाऊक होतं, आकडे ठाऊक नव्हते. ते मी मनानेच लिहिले, वेगवेगळ्या पेनांनी, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक दिवसापुढे तुमची सही केली. हुबेहूब जमली, अण्णा. कुणी विचारलंसुद्धा नाही.