पाठमोरी माउली

॥ श्री माउली प्रसन्न ॥
चारकोप, कांदिवली (प.)
१२ जून २०२४

ती. दादास सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनाने जोडतोस, म्हणून पत्रच लिहिते. यांच्या हृदयाची झडप बदलावी लागणार. महिन्याच्या आत करा, असं डॉक्टर म्हणतात. कारखान्यात जन्मभर मशीनसमोर उभा राहिलेला माणूस आता नाक्यापर्यंत जाताना तीनदा बसतो. अक्षता अंधेरीच्या ऑफिसातून रोज फोन करून विचारते, बाबांच्या ऑपरेशनची तारीख घेतली का. हे म्हणतात, तू ठरव. मी काय ठरवू? आपल्या घरात माउलीला विचारल्याशिवाय विहीरसुद्धा खणली नाही. तू कौल लाव. ती हो म्हणाली तर मी लगेच सही करते.

देवळाच्या इतिहासाची तुझी पुस्तिका कुठवर आली? या जत्रेला निघेल, की नातवंडांच्या लग्नात वाटणार आहेस?

वहिनीस नमस्कार. धाकटीवरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सुलक्षणा

॥ श्री माउली प्रसन्न ॥
पाणखोल
२० जून २०२४

चि. सौ. सुलक्षणेस जयवंतचे अ. उ. आ.

काल कौल लावला. जुने गुरव शिमग्यात वारले. नवे खाडीपलीकडच्या गावचे आहेत, माणूस नेमस्त. त्यांनी माउलीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, मी राजेशरावांसाठी गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग माझ्या उजव्या हाताकडची पाकळी पडली. आपला उजवा तो देवाचा डावा, असा हिशोब करून गुरवांनी डावा कौल सांगितला. पुन्हा लावला, पुन्हा तीच पाकळी. डावा म्हणजे नको. वाईट वाटतं, पण थांब. जत्रेनंतर परत विचारू.

पुस्तिका अडली आहे. सगळे देव भक्तांकडे तोंड करून बसतात, मग तुमचीच पाठमोरी का, असं यात्रेकरू दरवर्षी विचारतात आणि आम्ही नुसत्या माना डोलावतो. आजोबांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं म्हणे. माळा उपसतो आहे.

राजेशरावांना जपा. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

चारकोप
२५ ऑगस्ट २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तेरावं उरकून तुम्ही गेलात आणि घर खायला उठलं. यांचा चष्मा अजून खिडकीत आहे. तो उचलायचा धीर होत नाही.

अक्षता माझ्याशी बोलत नाही. डबा घेते आणि जाते. तिच्या बाबांना मीच मारलं, असं तिने एकदाच म्हटलं, नंतर तेवढंही नाही. माझा माउलीवर राग नाही रे. ऑपरेशनने वाचायचे असते तर तिने नको म्हटलंच नसतं. टेबलावर नळ्या लावून गेले नाहीत, माझ्या हातचा चहा पिताना गेले, एवढं तिने केलं. या एका गोष्टीवर मी उभी आहे, दादा. ही सुटली तर मला उठता येणार नाही.

पुस्तिकेत कौलाचं सविस्तर लिही. अक्षताला वाचायला देईन.

विसरू नकोस.
सुलक्षणा

पाणखोल
१० सप्टेंबर २०२४

चि. सुलक्षणेस अ. उ. आ.

पाकिटावर सवयीने सौ. लिहिलं, मग पाकीट बदललं. गं. भा. लिहायला हात धजत नाही.

आजोबांची वही सापडली. ते लिहितात, एका साली गावात पटकी आली. घराघरांत माणसं गेली, आणि उरलेली तरुण मुलं गलबतातून मुंबईला निघून गेली. तोवर माउलीचं तोंड दाराकडे होतं. गलबत गेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी गुरवाने दार उघडलं, तर ती समुद्राकडे वळलेली. गेलेल्यांच्या वाटेकडे डोळे लावून. तिला पुन्हा फिरवायचं नाही, असं गावाने ठरवलं. म्हणून गिरणीतले चाकरमानी जत्रेला येऊन तिच्या पाठीलाच नमस्कार करत. ती आपल्यालाच शोधते आहे, असं त्यांना वाटायचं. बाबांनाही वाटायचं. वाचताना मला रडू आलं.

कौलाचं पान मात्र वाळवीने खाल्लं आहे. तो भाग छापत नाही. तू जे धरून उभी आहेस ते सोडू नकोस.

तुझा,
दादा

चारकोप
२२ सप्टेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अक्षताला वाचून दाखवलं. नको नको म्हणत तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग कंगवा घेऊन माझ्यापुढे पाठ करून बसली. कितीतरी दिवसांनी. उजवीकडे गुंता आहे, हळू, असं म्हणाली. माझा उजवा हात आपसूक तिकडे गेला आणि तिथेच थांबला.

पाठीमागे उभं राहिलं की तिचा उजवा तोच आपला उजवा. तुझं जूनचं पत्र काढून पुन्हा वाचलं. पाकळी तुझ्या उजव्या हाताकडची पडली होती. दोन्ही वेळा.

वाळवीने नेमकं तेच पान खाल्लं ना, दादा? माझ्यासाठीच खाल्लं, कळतं मला. पण गुरवांना आजच सांग. जत्रेला लांबलांबून माणसं येतील, आपापल्या माणसांचं विचारायला. ते पान पुस्तिकेतही छाप.

अक्षताला मी अजून बोललेले नाही. आता ती रोज वेणी घालून घ्यायला बसते. पुस्तिका हातात पडली की तिला कळेल आणि ती उठून जाईल. तरी छाप. माउली हो म्हणाली होती.

तुझ्यावर राग धरणार नाही. तूही मला दूर करू नकोस.

सुलक्षणा