लाईन काढल्यावर चालणारं घर

ता. ४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

कान मी ऑफिसातच काढून ठेवून येते, असं तू एकदा म्हणाली होतीस. मी तेव्हा तिसरीत असेन. टेलिफोन एक्स्चेंजमधली ड्यूटी संपवून तू आलीस आणि समोरच्या काकूंनी तुला जिन्यातच गाठलं. वरच्या मजल्यावरचं लग्न मोडलं म्हणतात, फोनवर काय बोलणं झालं गं, असं त्या विचारत होत्या. चपला काढता काढता तू ते वाक्य टाकलंस आणि आत गेलीस. मला ते इतकं खरं वाटलं, की जेवताना मी तुझ्या केसांआड कान आहेत का ते वाकून वाकून बघत होते.

आज ते आठवलं ते दादामुळे. गेल्या आठवड्यात तू फोन उचलेनास म्हणून त्याने शेजारच्या बाईंना पाठवलं. त्यांनी बेल दाबली, दार ठोकलं, शेवटी सुताराला बोलावून कडी तोडली. आणि तू आत निवांत उशांना अभ्रे घालत होतीस. तुला कडीचाच राग आला, असं बाई सांगत होत्या. पण आई, दादा फार घाबरलाय. त्याचं म्हणणं असं, की एकतर घरात कॅमेरे आणि तो बोलणारा डबा बसवायचा, म्हणजे तू त्याला मोबाइलवर दिसशील. नाहीतर एप्रिलमध्ये येऊन तो तुला घेऊन जाणार आणि घर भाड्याने देणार.

मी दिवसभर लोकांचे कान तपासते, त्यांना यंत्रं बसवून देते, आणि माझी आई मीच दिलेलं कानाचं यंत्र बाहेर जाताना घालते नि घरात डबीत ठेवते. फोनवर तुला धड ऐकू येत नाही म्हणून हे सगळं कागदावर. कॅमेऱ्याला तू हो म्हणणार नाहीस, ते कळतंय. पण गप्प बसू नकोस. तू गप्प बसलीस की दादा ते हो समजतो.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
ठमी

ता. ११ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

पत्र पोचलं. कडी नवी बसवली; जुनीची सर नाही. थोरल्याला सांग, मी मेले नव्हते, अभ्रे घालत होते.

त्याचा बोलणारा डबा पार्सलने आलाच. बाईंनी कागद वाचून दाखवला. त्याचं नाव घेतलं की तो जागा होतो म्हणे. मी विचारलं, नाव घेतलं हे त्याला कळतं कसं? म्हणजे नाव घ्यायच्या आधीही तो ऐकतच असणार. शिवाय आपण विचारलेलं तो कुठल्या कंपनीला पाठवतो आणि तिथून उत्तर आणतो. ठमे, आमच्याकडे फोन जोडून दिला की ऐकायची कळ बंद करायची, हा पहिला धडा. जोडून दिल्यावरही ऐकत बसणाऱ्या मुलीला पहिल्याच आठवड्यात घरी पाठवत. ह्या डब्याला पगार नाही म्हणून काय झालं? डबा खोक्यात घालून माळ्यावर ठेवलाय.

पण तू गप्प बसू नकोस म्हणालीस, म्हणून परवा कानाचं यंत्र घालून असल्या वस्तूंच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोरीला म्हटलं, इंटरनेटची तार काढ आणि मग काय काय चालतं ते दाखव. ती आधी हसली. मग तार काढली, आणि कपाटातलं निम्म्याहून जास्त सामान मुकं झालं. एक दिवा तेवढा चालू राहिला. बेल दाबली की लुकलुकतो. तो घेऊन आले.

ही माझी अट. लाईन काढल्यावर जे चालेल ते घरात येईल. बाकीच्याने बाहेर राहावं. तू कानांचं शिकलीस, आता थोडं तारांचं शिकून मला कळव. थोरल्याकडे मी जाणार नाही. तो प्रेमाने विचारील, आणि प्रेमाने विचारलेल्याला नाही म्हणताना माझी जीभ जड होते. त्याआधी घर तयार हवं.

जेवत जा वेळेवर. माझा जीव तिकडे अर्धा आहेच, उरलेला मागू नकोस.
आई

ता. १९ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आमच्या क्लिनिकमध्ये यंत्रं दुरुस्त करायला येणाऱ्या बाई आहेत, त्यांना तुझी अट सांगितली. त्या म्हणाल्या, तुमच्या आईंनी अर्धं काम केलंय.

घरात एक छोटी पेटी ठेवायची. बेलचं बटण, गॅस हुंगणारं यंत्र, मोरीतलं पाणी ओळखणारं यंत्र ही सगळी त्या पेटीशीच बोलतात, तीही बिनतारी, घरातल्या घरात. काही घडलं की ज्याचा त्याचा दिवा लागतो, आणि काय घडलं ते पेटीतच राहतं. खोक्यावर खातं उघडा, नाव-पत्ता द्या असं लिहिलं असेल तर ते घ्यायचं नाही. शेजारच्या बाईंच्या घरी वाजेल असं एक बटण गळ्यात घालायचं, आणि तसंच एक त्यांच्याकडे ठेवायचं. भिंतीपलीकडे ते सहज पोचतं. सामान पाठवतेय. लावताना तुला मदत लागली तर मी रविवारी येईन.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, ही खेळणी आहेत. दहा एप्रिलला तो येतोय. घरातलं एकही यंत्र चुकलं तर आईची बॅग भरायची, हे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. रागावलीस तरी लिहीत राहा.

ठमी

ता. २ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ.

रविवारी येऊ नकोस. सगळं लागलं. स्क्रू मी आवळले, स्टूल बाईंनी धरलं. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. स्टूलसुद्धा शिस्तीत धरतात.

एक फजिती झाली ती ऐक. दुकानातून ऐटीत आणलेला माझा तो पहिला दिवा. संध्याकाळी वीज गेली आणि आली. सगळं पुन्हा सुरू झालं, हा मात्र फुगून बसला. बाई बेल दाबून दाबून दमल्या. त्याला म्हणे एकदा वीज गेली की पुन्हा उठायला कंपनीची परवानगी लागते! मी लाईन काढून पाहिली होती, वीज काढून पाहायचं सुचलंच नाही. इतकी वर्षं बोर्डावर बसून ही चूक. दुकानातल्या पोरीला परत नेऊन दिला, तर ती म्हणाली, आजी, आता आम्हीही दोन्ही काढून बघू. आता माझ्या घरात प्रत्येकाची परीक्षा दोनदा.

आणि तू पाठवलेले दिवे मी घरभर लावले नाहीत. एका फळीवर ओळीने लावले, पलंगासमोर: दार, गॅस, पाणी, बाई. एक्स्चेंजमध्ये असंच होतं गं. आवाज नंतर यायचा, आधी बोर्डावर दिवा लागायचा. दिवा लागला की समजायचं, कुणीतरी बोलावतंय. माझे कान गेले असतील, पण दिवे वाचायचं मी विसरलेली नाही. रोज सकाळी चहाच्या आधी एकेक लाईन तपासते, ड्यूटीवर बसण्याआधी तपासायचो तशी. बाई पलीकडून बटण दाबतात, मी इकडून उत्तर देते.

तू कबूल केलंस ते ठीकच केलंस. थोरल्याला येऊ दे. तू पोटभर जेव.
आई

ता. १४ एप्रिल

चि. ठमे,
आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही, चुका सांभाळून घे. आईकडून परत आलो. बॅग भरली, पण माझीच.

गेल्या गेल्या मी स्वतः इंटरनेटची तार काढली, मेन स्विच बंद करून चालू केला. मग बाहेर जाऊन बेल दाबली. बोट उचलायच्या आत आई दारात, आणि माझ्याकडे बघून म्हणते की अजून काही काढायचं राहिलंय का. मोरीत बादली उपडी केली, तर फडकं माझ्याच हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी मीच चुकलो. चहा ठेवला आणि ऑफिसचा फोन आला म्हणून कानात इअरफोन घालून गॅलरीत गेलो, दार लावून घेतलं. चहा उतू गेला, ज्योत विझली, गॅस सुटला. यंत्र आत शिट्ट्या मारत होतं म्हणे. माझे दोन्ही कान धडधाकट, मला पत्ता नाही. आईने खोलीतून लाल दिवा पाहिला, येऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि मग काचेतून मला झारा दाखवला. मी आत धावलो. ती मात्र ओटा पुसत होती.

सोबत नेलेले कॅमेरे परत आणलेत. तुला हवेत का? असो. निघताना जिन्यात मी तिला म्हणालो, आई, मला तुझा अभिमान वाटतो. पण तिचं यंत्र डबीत होतं. ती म्हणाली, हो हो, पोचल्यावर कळव. पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही. तू पत्रात लिही.

दादा

ता. २० एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी दादाचा निरोप. जिन्यात तो पोचल्यावर कळवतो असं म्हणत नव्हता. मला तुझा अभिमान वाटतो, असं म्हणत होता. पुन्हा म्हणायला लाजला. तू ऐकलं होतंस आणि मुद्दाम तसं उत्तर दिलंस, असा मला दाट संशय आहे. तो मी त्याला सांगितलेला नाही.

माझ्याबद्दल काय लिहू? काल एक आजोबा आले. मुलगी सोबत होती. यांना घरी एकटं राहू देत नाही आता, म्हणाली. आजोबा मान खाली घालून बसले होते. मी कान तपासायचे सोडून कागदावर तुझी फळी काढून दाखवली: दार, गॅस, पाणी, शेजार. लाईन काढून बघा, मग वीज काढून बघा, असं सांगताना माझा आवाज इतका चढला की बाहेरचे लोक डोकावले. आजोबांनी विचारलं, हे कुणी शोधलं? मी आईचं नाव सांगितलं आणि खुर्चीत जरा ताठ बसले. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

घर तुझं राहिलं. तिथे काय बोललं जातं, किती वाजता दिवा मालवला जातो, हे त्या चार भिंतींबाहेर कुणाला कळत नाही. मलाही नाही. हेच मला हवं होतं, आणि आई, हेच आता मला सलतं. सकाळी पोळ्या लाटताना मी घड्याळाकडे बघते आणि मनात म्हणते, आता आई लाईनी तपासत असेल. असेल ना? पत्र यायला आठवडा लागतो. त्या आठवड्यात मी तुला हजारदा पाडते, हजारदा उठवते.

म्हणून एक मागणं आहे. तू नाही म्हणशील, नियम दाखवशील, आणि नियम बरोबरच असेल. तरी मागते. सकाळी तुझी सगळी तपासणी झाली की तुझ्या फळीवरून एकच खूण बाहेर जाऊ दे. आवाज नको, चित्र नको, शब्दही नको. माझ्या ओट्यावर एक दिवा लागावा आणि विझावा. घरातून तेवढी एकच लाईन सोड, माझ्यापर्यंत.

तुझी,
ठमी