रेक्टरचे दोष सांगण्याचं काम

६ जानेवारी १९८७

हिलारियुस रेक्टर झाला आणि त्याचे दोष त्याला सांगण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं! आमच्या प्रांताच्या प्रमुखांनी, प्रोव्हिन्शियलनी, सकाळी बोलावून सांगितलं — रेमिस, तू अॅडमॉनिटर. आम्हा जेजुइटांत प्रत्येक वरिष्ठामागे असा एक जण लावलेला असतो. वरिष्ठाचं काही चुकलं तर एकांतात, नम्रपणे त्याच्या तोंडावर सांगायचं. त्याने ऐकून घ्यायचं आणि आभार मानायचे. हो म्हणायचं की नाही ते त्याच्यावर.

हिलारियुस टोप्पो आणि मी नवशिके होतो तेव्हा एका बाकावर बसायचो. त्याच्या दोषांची माझ्याइतकी माहिती कुणालाच नाही, हे प्रोव्हिन्शियलना कुणी सांगितलं कोण जाणे.

जेवताना ब्रदर प्रफुल म्हणाला, "फादर, हे तर बायकोचं काम." पोरगं अजून शिकतंय, वर्षभर आमच्या शाळेत शिकवायला पाठवलंय, आणि जीभ अशी. मी त्याला झापलं. मग खोलीत येऊन हसलो.

१९ जानेवारी

शाळा भरली. होस्टेलची मुलं टिनाच्या पेट्या डोक्यावर घेऊन गावांतून चालत आली. मार्सेल फादर फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. वय ऐंशीच्या घरात, पण प्रत्येक पोराला आमच्या कुडुख भाषेत शिव्या. "काय रे, सुट्टीत आईने खायला घातलं नाही का? हॉकीची काठी तुझ्यापेक्षा जाड दिसते." मुलं खूश. त्यांना ती आजा फादर म्हणतात. मलाही याच फाटकाशी त्यांनी असंच विचारलं होतं. त्याआधी आमच्या टोलीत, वस्तीवर येऊन बाबांशी भांडून त्यांनी मला शाळेत आणलं. बाबांना गुरांमागे माणूस हवा होता.

बेल्जियम सोडून आले तेव्हा त्यांची दाढी काळी होती म्हणतात. आमची भाषा ते आमच्यापेक्षा बरी बोलतात. प्रफुलला तर कुडुख धड येतच नाही, त्यावरून रोज बोलणी खातो.

२ फेब्रुवारी

आमचा आचारी बुधवा स्वयंपाकघर सोडून जातो म्हणून बसला होता. कारण विचारलं. म्हणाला, "फादर, मी विचारतो आज डाळ करू का पाल्याचं साग. रेक्टर फादर म्हणतात, तुला जमेल ते. तुम्ही म्हणता, इतरांना आवडेल ते. आजा फादर म्हणतात, देवाने दिलं ते. मी काय शिजवू?"

खरं आहे त्याचं. नवशिके असल्यापासून आम्हाला शिकवलं — स्वतःची आवड बाजूला ठेवा, जिकडे पाठवतील तिकडे जायला तयार राहा. हे इतकं अंगी मुरलंय की एका टेबलावर जेवणाऱ्या चौघांपैकी कुणाला काय हवंय हे कुणालाच ठाऊक नसतं. सगळे वाढायला थांबतात, आणि भात थंड होतो.

बुधवाला सांगितलं, साग कर. फुटकलचं. त्याला इतका आनंद झाला की तिखट जास्त पडलं.

४ मार्च

राखेचा बुधवार. उपास. डोकं दुखतंय.

११ मार्च

आज कळलं. हिलारियुस मार्सेल फादरांना रांचीला पाठवतोय. तिथल्या आजारी-म्हाताऱ्या फादरांच्या घरी. कायमचं. जुलैअखेर आमच्या संस्थापकाचा, संत इग्नासचा सण झाला की न्यायचं, असं ठरलंय.

मार्सेल फादर आजारी नाहीत. गुडघे दुखतात, डोळ्याला कमी दिसतं, एवढंच. आमच्याकडे कब्रस्तानात त्यांची जागा ठरलेली आहे — आंब्याखाली, फादर लुईंच्या शेजारी. ते स्वतःच पोरांना दाखवतात, "ही माझी खोली, अजून भाडं भरलं नाही." आणि हा हिलारियुस, तीन महिने झाले नाहीत रेक्टर होऊन!

मार्सेल फादरांना विचारलं, तुम्हाला कळलं का? म्हणाले, "कळलं. पाठवतील तिकडे जायचं, रेमिस. चाळीस वर्षांपूर्वी तुला हेच शिकवलं ना?"

१३ मार्च

माझं काम केलं. संध्याकाळच्या चहानंतर हिलारियुसच्या ऑफिसात गेलो, दार लावलं. म्हटलं, अॅडमॉनिटर म्हणून आलोय. त्याने हातातली किल्ली खाली ठेवली.

"ज्या माणसाने ही शाळा आपल्या हाडांवर उभी केली, त्याला तू शेवटच्या दिवसांत घराबाहेर काढतोयस. का? त्यांची खोली ऑफिसला लागून आहे म्हणून?"

"तुझं सांगून झालं?"

"नाही झालं. मुलांना काय सांगणार? आणि आपण आदिवासी, म्हाताऱ्याला घरातून घालवत नाही. तुझ्या आईला घालवलं असतंस?"

"नाही."

"मग?"

त्याने किल्ली पुन्हा उचलली. मग रीतीप्रमाणे म्हणाला, "रेमिस, सांगितल्याबद्दल आभारी आहे." कारण एका शब्दाने सांगितलं नाही. मला वाटतं कारण नाहीच. माणूस खुर्चीत बसला की त्याला भिंती पाडाव्याशा वाटतात.

१ एप्रिल

सरहुल, आमचा वसंताचा सण. गावातून सखुव्याची फुलं आली. मुलांनी मार्सेल फादरांच्या कानामागे खोचली. मांदर ढोल वाजायला लागल्यावर ते बसल्या जागी पाय हलवत होते. मी हिलारियुसशी दोन वाक्यांवर बोललो नाही.

प्रार्थनेत स्वतःला विचारलं — हा राग देवाचा की माझा? 

२० मे

सुट्टी. मार्सेल फादरांना डोळे दाखवायला रांचीला घेऊन गेलो. डॉक्टरकडचं झाल्यावर ते म्हणाले, जरा योझेफला भेटू. फादर योझेफ तिथेच असतात, त्या म्हाताऱ्यांच्या घरात. दोघं एकाच गावचे, एकाच बोटीने आलेले. इतके फ्लेमिश फादर होते एके काळी, आता आमच्या भागात हे दोघंच उरले.

व्हरांड्यात योझेफ फादरांच्या खाटेशी यांना बसवलं. मग जे सुरू झालं! मार्सेल फादरांचा इतका मोठा आवाज मी हॉकीच्या मैदानावरही ऐकला नव्हता. योझेफ फादर खाटेवर पडून काहीतरी म्हणायचे, की हे मांडीवर थाप मारून हसायचे, डोळ्यांतून पाणी. त्यांच्या फ्लेमिश भाषेतलं एक अक्षर कळेना मला. दोनदा विचारलं, काय झालं? "काही नाही, आमच्या गावच्या एका बेकरीवाल्याची गोष्ट." तिसऱ्यांदा विचारलं नाही. कंटाळून बाजारात गेलो, मुलांच्या सामन्यासाठी चेंडू घेतले, तीन तासांनी आलो तरी चालूच.

परत येताना जीपमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. थकले असतील. म्हटलं, बघा, इथे कसं कोंदट आहे, आपल्याकडचा वारा कुठे इथे. हं म्हणाले.

१५ जून

हिलारियुसने जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फादर मार्सेल रांचीला जातील. प्रफुलचा घास तोंडातच राहिला. मार्सेल फादर म्हणाले, "डाळ इकडे करा."

होस्टेलमध्ये बातमी पोचायला तासही लागला नाही. सातवीतली दोन पोरं रडली. दहावीतल्यांनी ठरवलं म्हणे की जीपची हवा काढायची. मी त्यांना रागावलो, जेवढं रागवायला हवं होतं त्यापेक्षा कमी.

१६ जून

पुन्हा गेलो हिलारियुसकडे. या वेळी नम्रपणा राहिला बाजूला. म्हटलं, "तुझ्यात माया नाही. नवशिका होतास तेव्हाही नव्हती. नियम पाळणारा बैल आहेस."

तो लाल झाला. मग रीतीचंच म्हणाला, "आभारी आहे, रेमिस."

असा दगड! भांडला असता तर मी अर्ध्यात थांबलो असतो. बाहेर पडताना सांगून आलो की प्रोव्हिन्शियल भेटीला येतील तेव्हा मी त्यांच्याशी बोलणार आहे. अॅडमॉनिटरला तेवढा अधिकार आहे.

"आहे," तो म्हणाला. "तू बोलायलाच हवं, तुला तसं वाटत असेल तर."

५ जुलै

पाऊस थांबतच नाही. मुलांनी जंगलातून रुगडा, पावसाळी अळंबी, आणला. बुधवाने मसाला घालून केला. सगळे म्हणाले, आधी तुम्ही घ्या. मी आधी घेतला.

३१ जुलै

इग्नासचा सण. मिस्सा, बॅन्ड, मटण. हॉकीत आम्ही हरलो. मार्सेल फादर गोलकीपरला म्हणाले, "तुझी काकी यापेक्षा बरी उभी राहिली असती." सगळे हसले. पुढच्या वर्षी हे कोण म्हणणार?

३ ऑगस्ट

प्रोव्हिन्शियल आले. रीतीप्रमाणे एकेकाला बोलावून ऐकून घेतात. मी पाऊण तास बोललो. बाबांशी झालेलं भांडण, फाटक, आंब्याखालची जागा, पोरं, सगळं सांगितलं.  प्रफुलही चांगलं बोलला म्हणे. बुधवाने तर न बोलावता दारातून आपलं मत सांगितलं.

हिलारियुस आत गेला आणि लवकर बाहेर आला. काय म्हणाला कळलं नाही.

शेवटी मार्सेल फादर गेले. ते त्याहून लवकर आले. मी व्हरांड्यात वाट पाहत उभाच होतो.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, इथे प्रत्येकाला तुम्ही हवे आहात. ही पोरं, हे फादर. तुम्हाला हलवणं त्यांच्या जिवावर आलंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं."

४ ऑगस्ट

राहणार! प्रोव्हिन्शियलनी स्वतः टेबलावर सांगितलं. मुलांनी मार्सेल फादरांना खुर्चीसकट उचलून मैदानाला फेरी मारली. ते ओरडत होते, "पाडाल रे मला, मग आंब्याखालीच न्याल." मी रडलो, लपवलं नाही.

हिलारियुसशेजारी जेवायला बसलो. "रागावलास?"

"नाही. तुझं काम होतं, तू केलंस."

त्याने माझ्या ताटात डाळ वाढली. मला त्याची थोडी कीव आली.

आजच्या आत्मपरीक्षणात गर्व सापडला. देवाजवळ कबूल केला. सगळा नाही केला.

३ सप्टेंबर

करम. सणाची करमची फांदी अंगणात रोवली, मुलं नाचली. मार्सेल फादर लवकर खोलीत गेले. गुडघे.

९ ऑक्टोबर

मार्सेल फादर हल्ली गप्प असतात. पोरांना शिव्याही कमी. आज बागेत पपईच्या झाडापाशी उभे राहून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होते. मला पाहिल्यावर थांबले. प्रफुल म्हणतो, म्हातारपण. बुधवाला सांगितलं, त्यांना रात्रीचं दूध सुरू कर. त्यांना आवडतं का विचारायचं राहिलं.

१२ नोव्हेंबर

रांचीहून निरोप. योझेफ फादर काल दुपारी गेले. दोन महिने अंथरुणालाच होते म्हणे. हिलारियुसने दार लावून मार्सेल फादरांना एकट्याला सांगितलं, आणि स्वतः जीप चालवत मातीला घेऊन गेला.

संध्याकाळी परत आले. मी त्यांना हाताला धरून खोलीत नेलं, बूट काढले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "बरं झालं फादर, तुम्ही इथे आपल्या माणसांत आहात. तिथे असतात तर आता एकटे पडला असतात."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसा. "हो, रेमिस," म्हणाले.

२९ नोव्हेंबर

मार्सेल फादर जेवायला येतात, बसतात, उठतात. भात तसाच. मुलांच्या परीक्षा चालू आहेत. पेपर तपासताना त्यांचाच विचार.

एक गोष्ट मनातून जात नाही. योझेफ फादर दोन महिने अंथरुणावर होते, मग हिलारियुसने यांना एकदाही भेटायला का नेलं नाही? जीप होती. सुट्टीचे दिवस होते. मीही विचारलं नाही हे खरं, पण रेक्टर तो.

५ डिसेंबर

सांगून आलो त्याला. तिसऱ्यांदा. "निदान शेवटची भेट तरी घडवायची होतीस. तेवढीही माया नाही तुझ्यात." तो म्हणाला, नेणार होतो, मार्सेल फादरच नको म्हणाले — एकदा तिथे बसलो की पुन्हा उठून यायला जमणार नाही म्हणाले. मला पटलं नाही. तसंच बोललो. दार उघडंच होतं. व्हरांड्यात मार्सेल फादर काठी टेकून उभे होते. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही.

६ डिसेंबर

दुपारी हिलारियुस माझ्या खोलीत आला. बसला नाही. म्हणाला, "मार्सेल फादरांनी आज सांगायची मोकळीक दिली. तू मला बोलतोस हे त्यांना ठाऊक नव्हतं." मग सांगितलं. रांचीला पाठवा, असं मार्सेल फादरांनीच त्याला फेब्रुवारीत सांगितलं होतं. अंतःकरण उघडं करून. वरिष्ठाने असं ऐकलेलं कुणापाशी बोलायचं नसतं, प्रोव्हिन्शियलपाशीही नाही. मार्सेल फादर म्हणाले होते, या घरात सगळे माझ्यावर जीव टाकतात, पण 'ऊठ, जेवायला चल' एवढं माझ्या आईच्या भाषेत म्हणणारा आता फक्त योझेफ आहे, आणि तो फार दिवस नाही.

मी विचारलं, ऑगस्टमध्येच ही मोकळीक का नाही मागितलीस?

"मागितली होती. म्हणाले, नको. रेमिसला वाईट वाटेल."