वाफा, मागचं अंगण आणि सहा पोती

या हातांनी मी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघरातली मांडणी, दोन दारं, एक पलंग (करकरत नाही), शेजारच्या शिंपीणबाईंच्या मशीनचं टेबल, आणि मागच्या अंगणातला उंच वाफा, आठ फूट बाय चार, उंची दीड. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. हे सगळं करणारा मी, वय त्रेपन्न, पंपदुरुस्तीचा फिटर, सोमवारी छातीच्या ऑपरेशनला जाण्याआधी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी कानाशी लागलेलं नसताना, माझ्यामागे कोणाला काय मिळावं ते लिहून ठेवतो.

कलम १. घराचा माझा अर्धा भाग आणि बँकेत उरेल ते बायकोचं. दुसरा अर्धा भाग आधीपासूनच धाकट्या भावाचा. त्या भागाबद्दल माझी तक्रार नाही, भावाबद्दल आहे.

कलम २. ती अशी. हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचावा म्हणून वाफ्याची रुंदी चारच फूट ठेवली. चौकटीची दोन्ही तिरकी मापं घेतली. सूतभर फरक नाही. मग मला हर्नियासाठी आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. वाफा कसा भरायचा ते भावाला कागदावर काढून दिलं: तळाला चिकटपट्टी सोललेला पुठ्ठा, मग जाड फांद्या, वाळका पाला, कुजलेलं खत, वर माती. "दादा, तू निवांत पड. भरून ठेवतो," म्हणाला.

ठेवला. मी टोमॅटो लावले. पहिला टोमॅटो मीठ लावून तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. भाऊ बघत होता. "झकास ना, दादा?" म्हणाला.

पुढे पानं पिवळी पडली. आधाराची काठी ठोकताना नऊ इंचांवर टक्‌ वाजलं. उकरलं तर खाली त्याची त्याच आठवड्यात फोडलेली न्हाणी: गुलाबी फरशा, सिमेंटची ढेकळं, आणि जुन्या संडासाच्या भांड्याचे तुकडे, आतली पुटं तशीच. मी अंगणातच ओकलो.

"अरे, राडारोडा उचलायला टेम्पोवाला किती मागतो माहितीये?" भाऊ म्हणाला. "आणि वर चांगली माती घातली ना? खाली काय आहे ते टोमॅटोला कुठे कळतंय!"

टोमॅटोला कळलं होतं. मला कळलं नव्हतं, याची किळस जास्त आहे.

बायको म्हणाली, "अहो, भावजींनी मदतच केली ना! किती ताणायचं माणसानं?"

कलम ३. मागचं अंगण माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते वाफ्यासकट शिंपीणबाईंना द्यावं. वाफ्यातली माती राडारोड्यातून वेगळी करताना अकरा दिवस त्यांनी माझ्याबरोबर चाळणी धरली आणि एकदाही "जाऊ दे" म्हटलं नाही. भावाला तिथे कोबा घालून गाडी उभी करायची आहे. बायकोला अंगण दिलं तर तो चहाला येईल, दोन गोड शब्द बोलेल, आणि महिन्याभरात फळ्या सरपणाला जातील. तिला याचा राग येईल. येऊ दे.

कलम ४. वाफ्यातून निघालेला सगळा माल मी धुऊन, वाळवून सहा पोत्यांत भरला आहे. पोत्यांवर भावाचं नाव घातलं आहे. तो त्याला मिळावा. एक तुकडाही कमी नाही.

कलम ५. हत्यारं कारखान्यातल्या लेथवाल्याला. रंध्याचं पातं मात्र तो धार लावायला शिकल्यावर द्यावं.

साक्षीदार: (१) गल्लीतला कुलूपवाला, (२) दवाखान्यातले कंपाउंडर. दोघांना यातलं काहीही मिळत नाही, म्हणूनच निवडले. दोघांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सही केली.

स्थळ: वाफ्याजवळचा बाक. तारीख: १४ मार्च, शुक्रवार.
(सही)

सहीखाली जागा उरली म्हणून, आणि माझ्यामागे कोणी वेगळं सांगू नये म्हणून: काल संध्याकाळी भाऊ पाकीट घेऊन आला. अंगण लिहून दे, ऑपरेशनचा सगळा खर्च निघेल, म्हणाला. मी आतले पैसे मोजून पाकीट परत केलं. चार लाख ऐंशी हजार.