कुठलं सव्वीस?

प्रिय टेलरमास्तर,

सप्रेम नमस्कार. (तू वयाने लहान, तेव्हा खरं म्हणजे आशीर्वाद लिहायला हवेत. पण सध्या माझं घोडं तुझ्यापाशी अडलेलं आहे, म्हणून नमस्कार.) तुझी कंबर कशी आहे? मशीनवर वाकून बसणाऱ्याने मधूनमधून उठून फिरावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तू ऐकत नसशील अशी मला दाट शंका आहे. तुझ्या सौभाग्यवतींचा खोकला? मुलांचे अभ्यास? आणि हो, तुमच्याकडे हवापालटासाठी आलेल्या तुझ्या ताईची प्रकृती कशी आहे? (तिची चौकशी मुद्दाम शेवटी करतो आहे, म्हणजे फार घाई दिसायला नको.) तुझ्या कार्डावर ‘ताई मजेत आहे’ एवढंच लिहिलेलं होतं. मजेत म्हणजे किती मजेत? सारा जन्म वजनमापे खात्यात काढलेल्या माणसाला असा मोघम मजकूर पाठवू नये. मी ते कार्ड उजेडासमोर धरूनही पाहिलं, आणखी काही खोडलेलं वगैरे सापडलं नाही.

तिने तुला काय काय सांगितलं असेल ते मला ठाऊक नाही, पण ते एकतर्फी असणार हे उघड आहे. म्हणून माझी बाजू सविस्तर लिहितो. तुला माहीतच असेल की तुझी ताई हल्ली पोहायला जाते. या वयात, सकाळी उजाडता उजाडता, सायकलवर टांग मारून, कोपऱ्यावरच्या नर्सबाईंच्या सोबतीने. माझी काही हरकत नव्हती. फक्त येताना ती गुणगुणत यायची, आणि मला ते खटकायचं. थंडगार पाण्यात बुडून आलेल्या माणसाने गुणगुणण्यासारखं तिथे काय असतं? मी विचारलं की ती म्हणायची, काही नाही, पाणी असतं. हे काही समाधानकारक उत्तर नव्हे. तशात एक दिवस सायकलचं मागचं टायर इतकं झिजलं की आतले धागे दिसायला लागले. मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी आणतो नवं. मास्तर, माझा गुन्हा काय तो एवढाच.

जुन्या टायरवर नुसतं सव्वीस वाचता येत होतं, बाकीची अक्षरं घासून गेली होती नाहीतर चिखलाखाली होती. मी दुकानात गेलो आणि म्हणालो, सव्वीसचं टायर द्या. दुकानदाराने माझ्याकडे न बघताच विचारलं, “कुठलं सव्वीस?” आता तूच सांग, सव्वीस किलो साखर मागितली तर वाणी ‘कुठले सव्वीस?’ असं विचारतो का? नोकरीत असतो तर त्याच वाक्यावर मी पंचनामा सुरू केला असता. मी शांतपणे म्हणालो, दाखवा सगळी. त्याने आकड्यांवर लटकवलेली तीन टायरं काढून समोर टाकली. एकावर सव्वीस गुणिले १½, दुसऱ्यावर सव्वीस गुणिले १.५, तिसऱ्यावर सव्वीस गुणिले १⅜. मी म्हणालो, ही पहिली दोन तर एकच आहेत. तो म्हणाला, “नाही साहेब, दीड वेगळं, एक पॉइंट पाच वेगळं. एकाच्या जागी दुसरं बसत नाही.” का बसत नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, “असतंच तसं.” (आयुष्यभर मी हे उत्तर ऐकत आलो आहे. ज्याच्या तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली असते तोही हेच म्हणतो.) दीड आणि एक पॉइंट पाच यांत फरक आहे असं जो तोंडावर सांगतो, त्याला धडा शिकवायचा म्हणून मी एक पॉइंट पाचवालं उचललं. दीड असो की एक पॉइंट पाच, बसायलाच हवं होतं.

ते बसलं नाही. एका बाजूने चढवलं की दुसऱ्या बाजूने बाहेर. मी रिमच्या कडेला स्वयंपाकघरातले चमचे घालून ताण दिला. चमचे वाकले, टायर ढिम्म. (ते चमचे तुझ्या आईने दिलेले होते असं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर डाव घेतला असता.) दुकानदाराने मुद्दाम लहान माल गळ्यात मारला अशी माझी खात्री पटली. म्हणून पुढच्या खेपेस दुसऱ्या दुकानातून तिसऱ्या प्रकारचं, १⅜वालं आणलं. ते मात्र असं अलगद चढलं की मी तुझ्या ताईला हाक मारून बोलावलं आणि म्हणालो, बघ, माल सचोटीचा असला की चमचे लागत नाहीत. मग हवा भरायला घेतली. हवा भरता भरता टायरची कड एका जागी रिमवरून वर सरकली, आतून ट्यूबने डोकं बाहेर काढलं, आणि तिचा जो बार झाला त्याने शेजारचे निवृत्त फौजी पलंगाखाली गेले. तुझी ताई हसली. फौजींच्या पत्नीही हसल्या. मला त्या हसण्यात आधीपासून ठरलेलं काहीतरी आहे असं वाटलं.

इथे तुझ्या ताईने एक सूचना केली. म्हणाली, “अहो, जुनं टायर काढून सरळ दुकानात घेऊन जा ना. त्याच्याशी लावून बघेल आणि देईल.” दिसायला सूचना साधी आहे. पण आमच्या खात्यात पहिला धडा असतो तो हा की नमुना व्यापाऱ्याच्या हाती द्यायचा नाही. दिला की तो नमुन्याबरहुकूम बनाव करतो, किंवा नमुनाच बदलतो. हे मी तिला समजावून सांगितलं. जरा जास्तच वेळ सांगितलं असेल. त्याऐवजी मी माझा पोलादी टेप घेऊन दोन्ही दुकानांत जाऊन बसलो आणि दिसेल त्या रिमचं माप घेतलं. मास्तर, तू बसला असशील तर वाच. सत्तावीस नंबरची रिम अठ्ठावीस नंबरच्या रिमपेक्षा मोठी भरली! आणि ज्या चाकाला अठ्ठावीस म्हणतात आणि ज्याला एकोणतीस म्हणतात, त्या दोन्हींची रिम एकच! मी लगेच जुन्या कचेरीत फोन लावला. माझ्या खुर्चीवर हल्ली माझ्याच हाताखाली शिकलेला मनुष्य बसतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, तुम्ही जरा विश्रांती घ्या.” म्हणजे त्यालाही कोणी गाठलेलं आहे.

या काळात सायकल बैठकीच्या खोलीत उलटी ठेवलेली होती, चाकं सुटी, साखळी वर्तमानपत्रावर. तुझी ताई तलावावर जाऊ शकत नव्हती. (नर्सबाई दोन-तीनदा फाटकाशी येऊन घंटी वाजवून गेल्या.) एका सकाळी ती पुन्हा त्या जुन्या टायरचं म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की दुकानदाराची बाजू तू इतकी लावून धरतेस, तेव्हा तू त्याला सामील आहेस की काय? ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, “तुम्हाला टायर सापडत नाही, की मला सापडू द्यायचं नाही? मी पोहायला जाऊ नये म्हणूनच चाललंय हे सगळं. मी काही सायकल नाही, संशय आला की उलटी करून ठेवायला.”

मास्तर, मी आयुष्यभर संशय घेत आलो, पण माझ्यावर कोणी संशय घेतल्याची ही पहिलीच वेळ. तो फार झोंबतो. मी साफ नाकारलं. पण ती पिशवी भरून तुमच्याकडे निघून गेल्यावर खोलीत बसून मी तोच प्रश्न स्वतःला विचारला, आणि शपथेवर उत्तर द्यायचं म्हटलं तर मी थोडा अडखळलो. मग मी कपाट उघडून पाहिलं. पोहायचा पोशाख आणि चष्मा, दोन्ही नेलेले होते. (तुमच्या गावात तलाव आहे का? असल्यास किती लांब? हे कृपया कळव.)

रिकाम्या घरात करायला काही नव्हतं म्हणून मी ते जुनं टायर मोरीत घासून धुतलं. तेव्हा चिखलाखालून, तळहातालाच जेमतेम लागतील अशी बारीक उठावाची अक्षरं निघाली. ४०-५८४. पहिला आकडा टायरच्या जाडीचा. दुसरा, रिमवर ज्या जागी टायरची कड टेकते तिथला व्यास, मिलिमीटरात. अर्थात मी लगेच विश्वास ठेवला नाही. रिमभोवती टेप फिरवला, बावीस सप्तमांशाने भागलं, आणि पाचशे चौऱ्याऐंशी बरोबर आलं. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. मग सुटी टायरं पाहिली. एक पॉइंट पाचवाल्यावर ५५९, म्हणजे लहान, म्हणून चढेना. १⅜वाल्यावर ५९०, म्हणजे किंचित मोठं, म्हणून अलगद चढलं आणि फौजी पलंगाखाली गेले. त्या सव्वीसचा उलगडाही झाला. ते माप फुगवलेल्या टायरचं, इंचांत, बाहेरून घेतलेलं, तेही कधीकाळचं. जाड टायर लहान रिमवर घाला की बारीक टायर मोठ्या रिमवर, बाहेरून दोन्ही सव्वीसच्या आसपास भरतात. म्हणजे गिऱ्हाइकाची छाती स्वेटरवरून मोजायची आणि त्या मापाने आतला सदरा शिवायचा. तू असं करशील का? खरं माप प्रत्येक टायरवर छापलेलं होतं, कोणी लपवलेलं नव्हतं. कोणी फसवलंच नाही, हे समजल्यावर मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

तर माझी बाजू ही अशी. मुलांना पापे, तुझ्या सौभाग्यवतींना नमस्कार. कंबर सांभाळ.

तुझा,
भाऊजी

ता. क. नवं टायर बसलं. आकडा पाठ होता, तरीही जुनं टायर खांद्याला अडकवून घेऊन गेलो. दुकानदाराने ते दुसऱ्या टायरला टेकवून पाहिलं आणि एका मिनिटात मोकळा झाला. मी त्याच्या हातांकडे सारखं बघत होतो, त्याने काही बदललं नाही. हे तुझ्या ताईला सांगण्याची गरज नाही.

ता. क. दुसरा. त्या पाण्यात काय असतं ते बघायला एकदा तलावावरही जाऊन आलो. कठड्याशी उभा राहिलो. बायका उताण्या होऊन पाण्यावर पडल्या होत्या आणि मोठमोठ्याने हसत होत्या, बाकी संशयास्पद काही आढळलं नाही. नर्सबाईंनी पाण्यातूनच विचारलं, “त्या कधी येणार?” मी म्हणालो, टायर आलं की. टायर तर येऊन बसलं होतं.

ता. क. तिसरा. सायकल बैठकीच्या खोलीत सरळ उभी आहे. सीट तिच्या उंचीवर आहे, मी हलवलेली नाही. रोज अंगठ्याने हवा तपासतो, ती असते तेवढीच असते, वापरायला माणूस नाही. घर खायला उठतं रे. तिला म्हणावं, ये. तू स्वतःहून म्हणतो आहेस असं दाखव.

ता. क. चौथा. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. (तू दाखवणार, याबद्दल मला काडीची शंका नाही.) तर दाखवताना जरा सावकाश वाच, आणि ती कुठल्या ओळीला हसली ते उलट टपाली कळव. कुठेच हसली नाही, तर कळवू नकोस. मीच येतो.